डोळ्यांची गजाल : मोबाइलला शिव्या घालून झाल्या असतील तर थोडं उन्हाकडे आणि कुसळाकडे बघू

खाडीकाठ (धागाकर्ता)

गावच्या शाळेत पालकसभा भरली की डोळ्यांचा विषय निघतोच, आणि पाच मिनिटांत मोबाइलवर येऊन थांबतो. मोबाइलची वकिली मला करायची नाही. पण किनाऱ्यावरच्या माणसाच्या डोळ्यांचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. त्याबद्दल सभेत कोणी चकार शब्द काढत नाही.

मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला माणसं जमतात, त्यातल्या पन्नाशीपुढच्यांचे डोळे जरा जवळून बघा. नाकाच्या बाजूने बुबुळावर चढत आलेला गुलाबी-पांढरा त्रिकोणी पडदा कितीतरी जणांच्या डोळ्यात दिसेल. आमच्याकडे 'डोळ्यात मांस वाढलंय' म्हणतात, डॉक्टर टेरिजियम म्हणतात. हा कॅन्सर नव्हे आणि मोतीबिंदूही नव्हे. पण वाढत वाढत बाहुलीपर्यंत पोचला तर नजर अडवतो, आणि त्याआधी बुबुळ ओढून चष्म्याचा तिरका नंबर आणतो.

याचं मुख्य कारण ऊन, म्हणजे त्यातले अतिनील किरण. शिवाय वारा, खारं पाणी आणि धूळ आहेतच. नाकाकडूनच का, याचं जे स्पष्टीकरण दिलं जातं ते मला पटतं. कानशिलाकडून तिरपा येणारा उजेड बुबुळाच्या भिंगातून वळतो आणि समोरच्या, म्हणजे नाकाकडच्या काठावर एकवटतो. उलट बाजूने येणारा उजेड नाकच अडवतं. समुद्रावर ऊन वरून येतं तसं खालूनही येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के. पातळ ढग असले म्हणूनही सुटका नाही, त्यातून बरेचसे किरण खाली येतातच.

ऑपरेशन होतं. नुसता पडदा खरवडून काढला तर तो परत येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून हल्ली वरच्या पापणीखालच्या स्वच्छ आवरणाचा तुकडा त्या जागी बसवतात. ऑपरेशननंतर पुन्हा उघड्या डोळ्यांनी होडीवर गेलं की मागचे पाढे पंचावन्न.

आता सवयीचं बघा. होडीवर टोपी असते, पण तिची पुढची झापड मागे फिरवलेली. गॉगल घातलेल्या पोराला 'शूटिंगला चाललास काय रे?' असं विचारणारा एक तरी काका प्रत्येक जेटीवर असतो. रुंद काठाची टोपी डोळ्यांपर्यंत पोचणारे किरण चांगलेच कमी करते आणि तिला पैसेही फार लागत नाहीत. तरीही ती बायकांनी किंवा टुरिस्टांनीच घालायची, असा आपला समज.

तुमच्याकडच्या अशा सवयी लिहा. बऱ्या असोत, वाईट असोत. मी निवृत्त शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे, तेव्हा औषध मला विचारू नका.

---

सुरंगी

चांगला धागा. वेंगुर्ल्याकडून माझी भर.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजू सोलायचा हंगाम. टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं, म्हणून बायका हाताला राख नाहीतर खोबरेल चोळून बसतात. हात जपतात, डोळ्यांचं काय? बी फोडताना चिळकांडी उडते, आणि त्याच हाताने घाम पुसला जातो. आमच्या शेजारच्या काकींच्या डोळ्यात गेलं तेव्हा घरात 'चोळू नको, तूप घाल' यावर चर्चा चालली होती. त्यांची सून नर्सिंग शिकलेली. तिने सरळ पडवीत आडवं पाडून तांब्याने पाणी ओतायला सुरुवात केली आणि पंधरा-वीस मिनिटं थांबली नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की त्या पाण्याने काम केलं.

काजूचं तेल, चुना, बॅटरीचं पाणी, फिनेल, काहीही असो. आधी पाणी, भरपूर पाणी, पापण्या उघडून. डॉक्टर त्यानंतर.

आणि चूल. गॅस आला तरी पाणी तापवायला, भात उकडायला चूल आहेच. पावसात लाकडं ओली, फुंकून फुंकून डोळे लाल. लाकडाच्या धुराचा मोतीबिंदूशी संबंध असल्याचं भारतातल्या अभ्यासांतही दिसलंय. पण घरातली बाई डोळे पुसत उठली तर त्याला कोणी आजार म्हणत नाही. परसात शेड घालून चूल बाहेर नेली तरी पुष्कळ फरक पडतो.

---

तरवेवालो

खाडीकाठनूं, बरा केलात धागो काढून. माझ्या बापाशीचो डावो डोळो असोच गेलो. भात झोडताना कुसळ गेला. आवशीन पदराच्या टोकान काढल्यान, वर मध घातल्यान. दोन दिवसांनी डोळो लालभडक. तालुक्याक जावचा तर दिवसाची मजुरी बुडता, म्हणान बाजारातल्या मेडिकलातसून थेंब हाडले. थेंब घातल्यार बरा वाटला, लाली कमी झाली. आणि आठवड्यान बुबुळार पांढरो ठिपको. मोठ्या हॉस्पिटलात गेलो तेव्हा डॉक्टर म्हणालो, बुरशी लागली हा. डोळो ऱ्हवलो, नजर नाय ऱ्हवली. आता उजेड नि काळोख तेवढो कळता.

(कळलं नाही तर विचारा, प्रमाण मराठीत लिहितो.)

---

भिंगवाला

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. सिंधुदुर्गात चष्मे करतो, डोळे तपासतो, डॉक्टरांकडे पाठवतो. तरवेवालो यांनी लिहिलंय ते दर वर्षी दसऱ्यानंतर, कापणी-झोडणी सुरू झाली की आमच्याकडे येतं. म्हणून जरा सविस्तर.

भाताचं कुसळ, पात किंवा तूस बुबुळाला घासलं की वरच्या थरावर ओरखडा पडतो. नुसता ओरखडा एक-दोन दिवसांत भरतो. पण शेतातल्या पाल्यावर बुरशीचे बीजाणू असतात आणि ते त्या जखमेत रुजतात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या लाल डोळ्यांच्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते लाली मारतं, दुखणं दबतं, माणूस खूश होतो. आत शरीराचा प्रतिकारही दबलेला असल्यामुळे बुरशीला रान मोकळं मिळतं. आठवड्याने पांढरा डाग दिसतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. बुरशीवर वेगळं औषध लागतं, नॅटामायसिनसारखं, आणि ते आठवडेच्या आठवडे घालावं लागतं. जखम भरल्यावरही बुबुळावर फूल (पांढरा डाग) राहतं ते राहतंच.

शेतात काही डोळ्यात गेल्यावर दुसऱ्या दिवशीही टोचत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर धूसर असेल, तर मजुरी बुडवा पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मध, अंगावरचं दूध, एरंडेल, जिभेने कचरा काढणं, यातलं काहीही जखमेवर नको.

अॅलर्जीने डोळे खाजतात म्हणून तेच स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालणारी मुलंही पाहिली आहेत. त्याने डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि कमी वयात मोतीबिंदूही. जुनी बाटली शेजाऱ्याला देणं बंद करा. उघडलेली बाटली साधारण महिन्याने टाकूनच द्यायची असते.

आणखी एक गोष्ट, कारण आंबा-काजूच्या बागांत आता सगळीकडे ग्रास कटर आलाय. पातं दगडावर आपटलं की खडा किंवा लोखंडाचा कण गोळीसारखा उडतो. मशीनबरोबर प्लास्टिकचा चष्मा मिळतो आणि तो पहिल्या दिवशी पडवीच्या खुंटीला जातो. चिरेखाणीवरही तेच. यात डोळा फुटतो, अक्षरशः. बाहेरून नुसता बारीक लाल ठिपका दिसला तरी कण आत गेलेला असू शकतो. अशा डोळ्यावर पाणी मारत बसू नका, दाबू नका, वरून काहीतरी झाकण ठेवून थेट हॉस्पिटल गाठा.

---

जेटीवरचा

+१. कटरवाल्या मजुराला चष्मा घाल म्हटलं तर घामाने काच धुरकटते म्हणतो. जाळीचा मुखवटा मिळतो, तो चालतो का?

---

भिंगवाला

@जेटीवरचा, मोठे खडे अडतात, बारीक कण जाळीतून जातात. आत चष्मा आणि वर जाळी हे उत्तम. काहीच नसण्यापेक्षा जाळी बरी.

---

मांडवीची लाट

हे सगळं वाचून डोकं गरगरलं, पण माझा प्रश्न तोच जुना. मुलगा चौथीत, रत्नागिरीत. दर वर्षी नंबर वाढतोय. दुकानात ब्लू कट (निळा उजेड अडवणाऱ्या) काचा घ्या म्हणाले, घेतल्या. तरी वाढला. मोबाइलला क्लीन चिट देण्याची एवढी घाई का चाललीय इथे?

---

भिंगवाला

क्लीन चिट नाही देत, ताई. फक्त गुन्हा नेमका कोणता ते बघू.

ब्लू कट काचा मीही विकतो, त्यामुळे हे लिहिताना माझंच गिऱ्हाईक तुटतंय. स्क्रीनच्या निळ्या उजेडाने डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) खराब होतो याला आधार नाही. २०२३ मध्ये कोक्रेनने (वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था) १७ चाचण्या एकत्र करून आढावा घेतला. या काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं त्यात दिसलं नाही. नंबर थांबवण्याशी तर त्यांचा संबंधच नाही.

मोबाइलने दोन गोष्टी होतात. एक, माणूस पापण्या मिटायला विसरतो. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणारी पापणी स्क्रीनवर निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते, म्हणून जळजळ, टोचणं आणि गंमत म्हणजे डोळ्यातून पाणीसुद्धा. वर पंखा थेट तोंडावर असला की आणखी. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघा, हा नियम त्यासाठी आहे. आमच्याकडे खिडकीतून माड दिसतो, तो बघा.

दुसरी गोष्ट मुलांची. मोबाइल मुलाला घरात बसवतो, हे त्याचं मोठं नुकसान. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना लांबचं धूसर दिसण्याचा नंबर (मायोपिया) लागला होता, बाहेर काढलेल्यांत ३०.४ टक्के. हे २०१५ मध्ये छापून आलंय. तैवानने तर २०१० पासून शाळांतून रोज दोन तास बाहेर असा कार्यक्रमच राबवला. मोकळा उजेड नंबर लागणं लांबवतो. एकदा लागलेल्या नंबरावर त्याचा परिणाम तितका दिसत नाही, म्हणून तुमच्या मुलाला डॉक्टरांना दाखवून, नंबर वाढायचा वेग कमी करायला देतात त्या कमी शक्तीच्या अॅट्रोपिन थेंबांबद्दल विचारा. स्वतःहून आणू नका. धाकटं भावंड असेल तर त्याला मात्र आजपासून अंगणात सोडा.

---

शंकेखोर

थांबा थांबा. खाडीकाठ म्हणतात ऊन डोळ्यांना वाईट, भिंगवाला म्हणतात पोरांना उन्हात सोडा. कोकणी माणसाने करायचं काय? उंबरठ्यावर उभं राहायचं?

शिवाय चार महिने पाऊस. अंगणात शेवाळ, घसरून हात मोडला तर डोळे बरे राहून उपयोग काय?

---

भिंगवाला

प्रश्न रास्त आहे. 😀

मुलांचा नंबर लांबवायला लागतो तो नुसता लख्ख उजेड. टेरिजियम आणि मोतीबिंदूत हात असतो तो अतिनील किरणांचा. झाडाच्या सावलीत, टोपी घालूनसुद्धा बाहेरचा उजेड वर्गातल्या उजेडाच्या कित्येक पट असतो. वर्गात दिवे लावूनही काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात, ढगाळ दिवशी बाहेर हजारांच्या घरात. त्यामुळे पोरं आंब्याखाली, टोपी घालून, सकाळ-संध्याकाळ. पावसात उघडीप मिळाली की बाहेर, नाहीतर तीन बाजूंनी उघडी पडवी. दारं लावलेल्या हॉलपेक्षा ती नक्कीच बरी. नुसतं 'खेळायला जा' म्हणून हॉलमध्ये कॅरम मांडून दिला तर हा फायदा मिळत नाही.

---

मांडवीची लाट

धन्यवाद. अॅट्रोपिनचं कोणी बोललंच नव्हतं. विचारते.

---

सुंगटाची कढी

अहो, आपण मासे खाणारी माणसं! आमच्या आजीने नव्वदीत तांदूळ निवडले. मोरीच्या (शार्क माशाच्या) लिव्हरचं तेल पाजायचे आम्हाला लहानपणी. हल्लीची पोरं मॅगी खातात, मग चष्मे लागणारच.

---

भिंगवाला

आजींना दंडवत. मोरीच्या तेलात अ जीवनसत्त्व भरपूर, आणि ज्या काळी रातांधळेपणा घरोघरी होता त्या काळी त्याने पोरांचे डोळे वाचलेही असतील. अजूनही सरकारी लसीकरणात नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे डोस दिले जातात, ते चुकवू नका. पण हे जीवनसत्त्व शरीरात साठतं, त्यामुळे ते तेल आज चमचे भरभरून पाजायचं नाही, गरोदर बाईला तर नाहीच. टाकळा, शेवग्याचा पाला, अळू, माठ, पपई, पिकलेला आंबा यांत त्याचा कच्चा माल आहे. तो अंगी लागायला थोडी चरबी लागते, म्हणजे भाजीत खोबरं आहे तेच बरोबर.

चष्म्याचा नंबर मात्र डोळ्याच्या आकाराचा मामला आहे. गाजराने, माशाने तो उतरत नाही. कोरड्या डोळ्यांसाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल जोरात खपतात, त्यावर अमेरिकेत मोठी चाचणी झाली आणि २०१८ मध्ये निकाल आला. ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांना जितका फरक पडला तितकाच यांनाही. बांगडा खा, चव आहे म्हणून खा, हृदयासाठी खा.

---

सुरंगी

काजळ राहिलं. बाळाच्या डोळ्यात बोटाने घालायचं काजळ. सासूबाईंशी वाद घालून मी कानामागे तीट लावण्यावर तडजोड केलीय. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे, आणि घरच्या काजळात शिसं नसलं तरी बोट काय स्वच्छ असतं?

---

आडवाट

वाचतोय. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती तेव्हा आमच्या वाडीत सगळे काळे चष्मे लावून फिरत होते, आणि घरात टॉवेल एकच! बघितल्याने डोळे येत नाहीत, हाताने आणि टॉवेलाने येतात, हे सांगून थकलो.

---

चाकरमानी_दादर

गणपतीला घरी आलो तेव्हा लक्षात आलं, आई पायरी चुकते. 'चष्मा बदलायला झालाय' म्हणे. बाजारातून दोन चष्मे बदलूनही झाले होते. तिला बरीच वर्षं शुगर आहे, गोळ्या नियमित, पण डोळ्याचा मागचा पडदा कोणी कधी बघितलेलाच नाही. तपासल्यावर पडद्यावर रक्तस्राव निघाले. आता लेझर, इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू.

---

खाडीकाठ

चाकरमानी, आईंना लवकर आराम पडो. हे धाग्यात यायलाच हवं होतं. शुगर कळली त्याच वर्षी पडदा तपासायचा आणि मग दर वर्षी, हे आमच्याकडे फारच थोड्यांना माहीत आहे. चष्म्याच्या दुकानातला पाटीवरची अक्षरं वाचायचा कार्यक्रम म्हणजे तपासणी नव्हे. बाहुली मोठी करायचे थेंब घालून आत बघावं लागतं. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो, तेव्हा वळणावळणांच्या रस्त्याने स्वतः गाडी मारत परत येऊ नका, कोणाला तरी बरोबर न्या.

---

भिंगवाला

त्यालाच जोडून. जाळं विणणारे, शिवण करणारे चाळिशीनंतर आठवडा बाजारातून तयार चष्मा घेतात. जवळचं बघायला तो वाईट नाही. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा चष्मा देऊन बघितला होता. चष्मा मिळालेल्यांचं काम बाकीच्यांपेक्षा सुमारे २२ टक्के जास्त वाढलं. घरात एकच चष्मा आणि तो सासू-सून-दीर आळीपाळीने वापरतात, त्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःचा असू दे.

पण बाजारातल्या चष्म्याने काम भागलं की माणूस डॉक्टरकडे जातच नाही, आणि काचबिंदू तसाच निसटतो. तो बहुतेकदा दुखत नाही, आधी कडेची नजर खातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. आई-वडील, भावंडं यांपैकी कोणाला असेल तर चाळिशीत एकदा दाब आणि मागची नस दोन्ही बघून घ्या. नुसता दाब ठीक आला म्हणजे झालं असं नाही, दाब ठीक असूनही काचबिंदू होतो.

---

जेटीवरचा

गॉगलचं शेवटी सांगा. देवबागला टुरिस्टांसाठी टांगलेले असतात ते चालतील? पोलराइज्ड घ्यायचा म्हणतोय, पाण्याखालचं चांगलं दिसतं.

---

भिंगवाला

पोलराइज्डने पाण्यावरची चमक कमी होते, होडीवर उपयोगी आहे. पण अतिनील किरण अडवणं ही वेगळी गोष्ट. यूव्ही ४०० (म्हणजे अतिनील किरण अडवणारा) लिहिलेला आणि खात्रीच्या दुकानातला घ्या. टांगलेल्यांत नुसती काळी काच असेल तर ती उलट वाईट. काळोखामुळे बाहुली मोठी होते आणि किरण आत जास्त जाऊ शकतात. काच किती काळी यावर काही ठरत नाही. कानशिलाकडून बंद असलेला आकार बघा आणि मागे दोरी लावा, नाहीतर पहिल्याच लाटेला समुद्राला अर्पण.

@तरवेवालो, तुमच्या वडिलांचा उजवा डोळा शेवटचा कधी तपासला?

---

तरवेवालो

चार-पाच वर्सां झाली असतीत. तेंका त्या डोळ्यान बरा दिसता, म्हणान कोण नेवक नाय. अजून शेतात जातत.

---

भिंगवाला

मग या आठवड्यात न्या, कापणी सुरू व्हायच्या आत. नंबर निघो न निघो, त्यांना पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा करून द्या आणि शेतात, रानात, लाकडं फोडताना तो नाकावर राहू दे. ही काच सहजी फुटत नाही आणि अतिनील किरणही अडवते. एकाच डोळ्यावर चालणाऱ्या प्रत्येक माणसाला आम्ही हेच सांगतो.

---

तरवेवालो

गुरवारी नेतंय. नंबर नाय इलो तर बापूस म्हणतलो, फुकटचो खर्च केलंस. तेका काय सांगू?

---

सुरंगी

सांगा, नातवाने दिलाय. मग रात्रीसुद्धा काढणार नाहीत.